कचऱ्याचं खरं नाव

चिंधू वरठ्याच्या गोठ्यात तीन खोंड होते आणि त्यातला वळू कुठला व्हायचा, हे जगात एकट्या चिंधूला ठाऊक होतं. बायकोला त्यानं सांगितलं नव्हतं. ती बिचारी विचारून विचारून वर गेली. मुलाला सांगितलं नव्हतं. ऐनपाड्यातल्या बाकी कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तिथं सकाळी कुणी शिंकलं तर दुपारपर्यंत तीन पाड्यांत त्याला ताप भरल्याची बातमी जाते.

रीतच तशी होती. डांगी गुरं राखणाऱ्या त्याच्या घराण्यात वळू निवडायचा तो मुक्यानं. तीन वर्षं त्याचं कौतुक करायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर भलत्याच खोंडाकडे बोट दाखवायचं. लोकांची नजर त्या भलत्यावर जाते आणि खरा वाचतो. तीन वर्षं भरली की दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला त्याला वाघोबाच्या दगडापुढे न्यायचं, शेंदूर लावायचा, गळ्यात पितळी घंटा बांधायची आणि त्याचं खरं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घ्यायचं. तोवर हाक मारायची ती ओंगळ नावानं. चिंधूनं आपल्या खोंडाचं नाव 'कचऱ्या' ठेवलं होतं. त्यात नवल काही नाही. चिंधूच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून आईनं त्याचंही नाव चिंधी-चिंधू असलं काहीतरी ठेवलं, आणि ते नाव मिरवत तो सत्तरीला आला. रीत खोटी असती तर तो तरी कशाला जगला असता?

आता तुम्ही म्हणाल, खुळचट समजूत आहे म्हाताऱ्याची. म्हणा बापडे. पण चिंधू दहा वर्षांचा असताना त्याच्या बापानं बाजारात दोन घोट जास्त घेतले आणि चार माणसांत छाती ठोकून सांगितलं, की माझ्या पाखऱ्यासारखा वळू या डोंगरात दुसरा नाही. वाघबारशीला सहा महिने होते. आठव्या दिवशी पाखऱ्या कड्यावरून पडला. बाप कड्याखाली बसून स्वतःच्या तोंडावर पायताण मारून घेत होता आणि पोरगा बघत होता. एवढं बघितल्यावर माणूस झाकली मूठ उघडतो होय?

आणि या वेळी मूठ उघडून चालणारच नव्हतं, कारण मागे काही शिल्लक नव्हतं. लंपीच्या साथीत म्हातारा वळू गेला. पूर्वी दर तीन वर्षांनी वळू शेजारच्या पाड्याला देऊन त्यांचा आपल्याकडे आणायचा, म्हणजे बापाखाली लेक यायची नाही. पण आता शेजारच्या पाड्यांत डांगी राहिलीच कुठे? सगळ्यांनी गाईंना जर्सीच्या वीर्याची सुई टोचून घेतली. दूध आलं खरं, दोन वर्षं आलं. मग आषाढात चिखलात उभं राहून त्या वासरांचे खूर सडले आणि दुधाच्या हंड्यापेक्षा औषधाच्या बाटल्या जास्त झाल्या. चिंधूनं आपल्या तीन गाईंना सुई लावू दिली नाही. दोन वर्षं त्या रिकाम्या होत्या, गाभणच राहिल्या नाहीत. पाडा हसत होता. चिंधू कचऱ्याच्या तीन वर्षांचे दिवस मोजत होता.

कचऱ्या दिसायला काही नव्हता. अंगानं बेताचा, काळ्यावर पांढरे शिंतोडे, शिंगं अजून वाकडीतिकडी. पण निवड शिंगावरून करतात काय? चिंधूनं त्याच्या आईची आई पाहिली होती. ती गाय बावीस वर्षं जगली आणि एकदाही बसून व्याली नाही. चार दिवसांची झड लागली तेव्हा चिंधूनं तिन्ही वासरं बाहेर बांधली आणि पाचव्या दिवशी त्यांच्या केसांत हात घातला. दोघांच्या कातडीपर्यंत पाणी गेलं होतं. कचऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला तेल लागलं. मग खूर. दगडानं ठोकून पाहिला, तर तो दगडासारखाच वाजला. त्या सकाळी चिंधू गोठ्यात एकटाच हसला होता. आणि लगेच कुणी पाहिलं नाही ना, म्हणून बाहेर डोकावला होता.

दुसरा खोंड मोरा. उंचापुरा, चकचकीत, चालला की बघत राहावं. पण त्याची लंपीत गेलेली आई अस्सल नव्हती; आजीला कुणीतरी चोरून सुई टोचली होती, हे चिंधूला माहीत होतं. खूर करडे, मऊ. चढणीला फेस काढायचा. तिसरा साधा नांगराचा. तेव्हा कुणी विचारलं, "चिंधूबाबा, तुझा वळू कुठला?" की चिंधू मोऱ्याकडे बोट दाखवायचा. विचारणारा मान डोलवायचा. मोरा होताच तसा.

मुलगा प्रदीप बोईसरला. रंगाच्या एका कंपनीत कंत्राटावर, भाड्याची खोली, बायको हेतल. दहा वर्षं त्यानं गुरांकडे ढुंकून पाहिलं नाही. "बा, विकून टाक ती हाडकं," एवढंच त्याचं पालुपद. मग गेल्या वर्षी खोकला लागला, रात्रपाळी झेपेना, आणि गडी हळूहळू पाड्याकडे वळला. रविवारी यायचा, शेण काढायचा, गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "बा, मला शिकव ना. तुला जे कळतं ते तुझ्याबरोबर गेलं तर मी काय करू?" चिंधूला तेव्हाच त्याला कचऱ्यापाशी न्यावंसं वाटलं. पण म्हणाला एवढंच, "वाघबारशीला सांगतो." कारण वारसाला सांगायचं तेही दगडापुढेच, आधी नाही.

प्रदीपनंच ती संस्था शोधली. देशी गुरं जपणारी. त्यांचा फॉर्म त्यानं भरला, स्वतःचा फोन नंबर घातला, आणि श्रावणात भाग्येश डॉक्टर गाडी घेऊन ऐनपाड्यात आला. तरणा पोरगा. त्याचे आईबाप सोलापूरकडून कंपनीत कामाला आले होते, म्हणजे बोईसरचाच म्हणायचा. बूट काढून ओट्यावर बसला, कोरा चहा प्याला, नीट बोलला. दोष काढावा असं त्याच्यात काही नव्हतं.

"बाबा, तुमच्या तीन गाई अस्सल आहेत," तो म्हणाला. "आता वळू दाखवा. त्याला पिवळा बिल्ला मारतो. त्याचं वीर्य गोळा करून वीस गावांत देऊ. बाकीचे खोंड मात्र दिवाळीनंतर येऊन खच्ची करावे लागतील. भेसळ थांबवायची तर दुसरा इलाज नाही."

"बा, दाखव ना," प्रदीप म्हणाला. डोळे लकाकत होते त्याचे. अंगणात अर्धा पाडा जमला होता.

चिंधूनं हिशेब केला. दिवाळीनंतर. वाघबारस दिवाळीच्या आधी. म्हणजे चार माणसांत आता मूठ उघडायची गरज नाही. वाघबारशीला नाव घेऊ आणि मग डॉक्टरला सांगू, की बाबा, बिल्ला बदल. हिशेबात कुठे चूक होती? काही नव्हती. त्याचा हात आपसूक वर झाला आणि बोट मोऱ्याकडे गेलं.

मोऱ्याच्या कानात बिल्ला बसला. प्रदीपनं त्याचा फोटो काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बापाच्या पाया पडला. "मला वाटलं होतं, तू मला कधीच सांगणार नाय," तो म्हणाला. लेकाशी खोटं बोललो, हे चिंधूला बोचलं, चांगलंच बोचलं. पण थोडेच दिवस, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

वाघबारशीला चार दिवस राहिले, तेव्हा चिंधू भल्या पहाटे उठला. कचऱ्याला चारा घातला, त्याच्या वशिंडावर हात ठेवला, आणि पहिल्या जीपनं निघाला. बोईसरला जाऊन पितळी घंटा घ्यायची होती. जुनी घंटा लंपीतल्या वळूबरोबर पुरली होती. आणि मुलाला बोलावणं स्वतः जाऊन द्यायचं, फोननं नाही, हीही रीत. कधी नव्हे ते त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

घंटा मिळाली. दुकानदारानं तीन दाखवल्या, चिंधूनं तिन्ही कानाशी धरून वाजवल्या आणि जाड आवाजाची निवडली. ती पिशवीत घालून, रिक्षावाल्यांना पत्ता विचारत तो मुलाच्या खोलीवर पोचला. हेतल नळावर भांडी घासत होती.

"मामा! तुमी इकडं?" ती हात पुसत उठली. "अवो, ते तर पहाटेच गाडी घेऊन पाड्यावर गेले. काल रात्री डॉक्टरचा फोन आला. दिवाळीनंतर त्यांची गाडी दुसऱ्या तालुक्यात जाणार हाय, म्हणून आजच येतायत. खोंडांचं काम करायला. ह्यांनी रजा टाकली. तुमाला त्रास नको, म्हणाले, मीच धरतो."

चिंधू मटकन पायरीवर बसला. पिशवीतली घंटा फरशीवर आपटून वाजली.

"फोन लाव," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता लाव."

तिनं लावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून त्याच्या पुढ्यात धरला. त्या गल्लीत एका ओळीत चौदा खोल्या. रात्रपाळी करून आलेली माणसं दारात दात घासत होती, बायका पाण्याला उभ्या होत्या. सगळ्यांचे कान इकडे. एकानं तर विचारलंच, "क्या हुआ चाचा?"

"बा? तू खोलीवर गेलास?" प्रदीपचा आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू गेला. "अरे, मी इथं आलो. डॉक्टर येऊन बसलाय."

"थांबव त्याला," चिंधू म्हणाला. "मी येईपर्यंत कशाला हात लावू नको."

"का रं?"

का. एवढा एकच शब्द होता आणि त्याचं उत्तरही एका शब्दाचंच होतं. कचऱ्या. चिंधूच्या जिभेवर आलं होतं. त्यानं वर पाहिलं. चौदा दारं, आणि प्रत्येक दारात एक तोंड. त्याला कड्याखालचा बाप दिसला, पायताण दिसलं. आणि चारच दिवस तर राहिले होते. तीन वर्षं सांभाळलं ते चार दिवसांसाठी घालवायचं?

"नको म्हणतो ना मी! मी येतो, मग काय ते," तो ओरडला.

"बा, तू घाबरू नको," प्रदीप हसला. समजूतदार पोरगा बापाला धीर देतो तसा. "मला ठाऊक हाय आपला कुठला. मोऱ्याला मी मागं आंब्याला बांधलाय, त्याच्या जवळ कुणाला फिरकू देणार नाय. डॉक्टरला दुपारी दुसऱ्या गावात जायचंय, तो काय थांबणार? तू सावकाश ये. जेवून ये." आणि फोन ठेवला.

"परत लाव."

हेतलनं परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. हातात दावं धरलेला माणूस फोन उचलणार कशानं?

मग चिंधू पळाला. सत्तरीचा माणूस, पण पळाला. रिक्षा केली, ती कंपन्यांच्या रस्त्याला शिफ्टच्या बसगाड्यांच्या मागे अडकली. पुढे एक टँकर आडवा पडला होता. रिक्षावाला उतरून तंबाखू मळायला लागला. "अरे, चल ना बाबा, चल ना," चिंधू त्याला सांगत होता, आणि त्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात शेवटी म्हणालाही, "माझा वळू जातोय रे, कचऱ्या जातोय!" रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. त्याला काय कळणार! ज्याला सांगून उपयोग नव्हता त्याच्यापुढे चिंधूची मूठ उघडली. चिल्हार फाट्याला जीप भरेपर्यंत थांबली, आणि तो सूर्य माथ्यावर आल्यावर पाड्याच्या वाटेला लागला.

ओढ्याशी संस्थेची गाडी समोरून आली. भाग्येश डॉक्टरनं काच खाली केली.

"बाबा, काम झालं बरं का! तुमचा मुलगा फार कामाचा. दोन्ही खोंड त्यानं एकट्यानं धरले."

चिंधूनं गाडीच्या दाराला धरलं. "कापलं?"

"छे छे, कापत नाही आता. रक्ताचा थेंब नाही. चिमट्यानं शीर चेपतो फक्त."

"चेपलेली शीर परत जुळते काय?"

डॉक्टर हसला. म्हाताऱ्याला काळजी वाटते, भेसळ व्हायला नको म्हणून, असं त्याला वाटलं. "नाही हो, पक्कं काम आहे. अगदी निश्चिंत राहा," तो म्हणाला, आणि गाडी गेली.

गोठ्यापुढे कचऱ्या मागचे पाय फाकवून उभा होता. हलत नव्हता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. चिंधूची चाहूल लागली तसे त्यानं कान हलवले. प्रदीप घामानं निथळत आंब्याखाली मोऱ्याला पेंढा घालत होता. "बघ बा, ओरखडासुद्धा नाय त्याला," तो म्हणाला. "हा कचऱ्या मात्र लई जोराचा निघाला. दोनदा दावं तोडलं. शेवटी मी त्याच्या मानेवर बसलो तेव्हा ऐकला."

चिंधू पुढे झाला. कचऱ्याच्या मानेला कपाळ टेकून उभा राहिला. प्रदीपला वाटलं, बाप उन्हातून आलाय, दमलाय. त्यानं पाणी आणून दिलं. ते चिंधूनं कचऱ्याच्या तोंडापुढे धरलं.

वाघबारशीच्या संध्याकाळी पाडा गुरं घेऊन दगडाशी जमला. पूजा झाली, नारळ फुटले, पोरांनी खीर खाल्ली, आणि अंधार पडायच्या आत माणसं पांगली. प्रदीप मागे राहिला. त्यानं मोऱ्याला धुऊन, शिंगांना गेरू लावून, गळ्यात झेंडू घालून आणलं होतं. कंपनीत सांगून आला होता, की आता परत येत नाही. बाप शिकवणार होता ना.

चिंधू खालून वर आला. त्याच्या हातातल्या दाव्याला कचऱ्या होता. कचऱ्या एकेक पाय जपून टाकत होता.

"ह्याला कशाला आणलास बा? हा तर आता बैल झाला."

चिंधूनं पिशवीतून घंटा काढली आणि दगडावर ठेवली. मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. झड, तेल, खूर, आईची आई, मोऱ्याच्या आजीची सुई, अंगणात दाखवलेलं बोट. आवाज काही चढवला नाही, की रडला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "डॉक्टरला फोन कर. मोऱ्याचा बिल्ला काढ म्हणावं. वीस गावांत त्याचं रक्त जायला नको. चूक माझी, असं सांग. कुणापुढंही सांग आता."

प्रदीपला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, तसा तो आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागला. दाव्यानं तळवे सोलवटले होते, त्यावर अजून खपल्या होत्या. खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना.

"त्या दिवशी फोनवर मी तुला विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "का, म्हणून."

"रीत होती रं. तोंडातनं काढायचं नाय..."

"रीत परक्याला फसवायची ना बा?" प्रदीप म्हणाला. "मग मी कोण होतो?"

चिंधू खाली बसला. गुडघे कुरकुरले. त्यानं कचऱ्याचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि बाजूचा एक गोटा प्रदीपच्या पुढे केला.

"ठोकून बघ," तो म्हणाला. "शिकायचं म्हणाला होतास."

प्रदीप तसाच उभा राहिला. नंतर बसला. गोटा घेऊन त्यानं खुरावर ठोकलं. दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला. त्यानं पुन्हा ठोकलं. मग कचऱ्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, केसांच्या मुळापर्यंत बोटं घातली, आणि तळवा नाकाशी नेऊन हुंगला.

"असा वास येतो होय," तो म्हणाला.

"हां. लक्षात ठेव." पण कशासाठी लक्षात ठेवायचं, ते चिंधूला सांगता येईना.

खाली पाड्यात दिवे लागले होते. रिकाम्या गाईंपैकी एक हंबरली, कचऱ्यानं मान वळवून तिकडे पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. प्रदीपनं दगडावरची घंटा उचलली. वाजू नये म्हणून आतला लोलक बोटानं दाबून धरला.

"आज तू याचं नाव घेणार होतास," तो म्हणाला. "काय ठेवणार होतास?"

चिंधूनं तोंड उघडलं. वळूसाठी तीन वर्षं जपलेलं नाव त्याच्या ओठांवर होतं, आणि ऐकायला मुलगा आणि वाघोबा सोडून कुणी नव्हतं.

"कचऱ्या," तो म्हणाला, आणि दावं धरून उतरायला लागला.